ग्रीन गेला, हार्दिक आला, आणि घरात अबोला

२६ नोव्हेंबर २०२३. रविवार होता. येळ्ळूरच्या शिवारात भाताची सुगी चाललेली, अंगणात पोत्यांची थप्पी. आणि आमच्या घरात मात्र एकच विषय, हार्दिक पंड्या मुंबईला येणार की नाही?

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मुलगा आणि त्याचे बाबा मुंबईचे. मुलगी आणि माझ्या सासूबाई बेंगळूरच्या. सासूबाईंचं माहेर बैलहोंगल, त्यामुळे तिकडचा कुणीही खेळाडू त्यांना 'नम्म हुडुगा'. मी कुठल्याच पक्षात नाही. चहा करणाऱ्याला पक्ष परवडत नाही.

संध्याकाळी गुजरातची यादी आली. त्यात हार्दिकचं नाव कायम. मुलीनं टाळ्या वाजवल्या, मुलगा जेवायलाच उठेना. रात्री पुन्हा बातमी, सौदा ठरला! दुसऱ्या दिवशी तो जाहीर झाला. १५ कोटींचा हार्दिक मुंबईला आणि त्याची सोय लावण्यासाठी मुंबईचा १७.५ कोटींचा कॅमेरॉन ग्रीन थेट बेंगळूरला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते, म्हणून एकाला घ्यायचं तर दुसऱ्याला सोडावं लागतं. बेंगळूरनंही हसरंगा, हेझलवूड आणि हर्षल पटेल यांना सोडून जागा केलेली होती.

आता भांडण उलटंच झालं. याच ग्रीननं मे महिन्यात वानखेडेवर हैदराबादविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद शतक ठोकलेलं. मुलगा म्हणाला, "आमचा माणूस तुम्हाला दिला की गा!" मुलगी म्हणाली, "दिला कुठं? पैसे मोजून घेतलाय." दोघांचा अबोला दोन दिवस टिकला. निरोप माझ्यामार्फत.

यांनी मग जुनी गोष्ट काढली. २००९ च्या हंगामाआधी मुंबईनं रॉबिन उथप्पाला बेंगळूरला दिलं आणि तिथून झहीर खानला आणलं. कोडगूचा पोरगा कर्नाटकात, श्रीरामपूरचा महाराष्ट्रात. सीमाभागातल्या माणसाला याहून सोपी अदलाबदल कुठली दाखवायची? अर्थात सगळंच इतकं सरळ नसतं. राहुल द्रविडच्या घरी मराठी, वाढला बेंगळूरमध्ये, आणि २०११ पासून खेळला राजस्थानकडून.

सासूबाई भाकरी थापत ऐकत होत्या. नातीला विचारलं, "बदली करताना त्या पोराला विचारतात काय?" ती म्हणाली, "होय अज्जी, त्याची संमती लागते." सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "बरं हाय. मला इकडं दिलं तेव्हा कोण विचारलं नव्हतं. सोळाव्या वर्षी आले, मराठीतला एक शब्द येत नव्हता. सासू मीठ म्हणायची, मी पीठ न्यायची." सगळे हसले. त्याही हसल्या, पण थोड्या उशिरानं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मीही हे त्यांना कधी विचारलं नव्हतं.

१५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केल्याचं जाहीर झालं आणि आमचा मुंबई पक्षच फुटला. बाबा रोहितचे, मुलगा हार्दिकचा. २०२४ च्या हंगामात वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो झाली, ती मला तरी आवडली नाही. मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेली. बेंगळूर पहिल्या आठांपैकी सात हरूनही ओळीनं सहा जिंकत बाद फेरीत पोहोचलं आणि तिथं राजस्थानकडून हरलं. पुढच्या लिलावाआधी ग्रीनलाही सोडलं. ज्याच्यावरून एवढं रण माजलं तो एकाच हंगामाचा पाहुणा!

३ जून २०२५ ला अहमदाबादेत बेंगळूरनं पंजाबला हरवून पहिल्यांदा चषक घेतला, तेव्हा सासूबाई डुलक्या घेत होत्या. नातीनं हलवून उठवलं. "अज्जी, गेद्दरु! जिंकलो!" त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "यात तो ग्रीन कुठला?"

तो नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "असू दे. सकाळी त्यांच्या घरी फोन लाव म्हणावं त्याला."