कौटुंबिक प्रश्न : अभ्यासाला सेवेची जोड

कौटुंबिक छळ हा केवळ घरातील खाजगी मामला नव्हे, हे समाजशास्त्राचा विद्यार्थी पुस्तकात वाचतो. त्याची खरी प्रचीती त्याला स्वयंसेवी संस्थेबरोबर काम करतानाच येते. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने असे क्षेत्रकार्य शिक्षणाचाच भाग मानले. तिच्याच पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि पीडितेचे म्हणणे ऐकण्यास प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेतच उपलब्ध झाली.

पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमाने, पीडितेची इच्छा असल्यास घटनेचा अहवाल नोंदविण्याचा अधिकार नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना दिला. विद्यार्थ्याला मात्र हा अधिकार नाही. संमतीने मुलाखत घेणे, नाव गुप्त राखणे, नोंदींचे वर्गीकरण करून ते संस्थेला उपयोगी पडेल असे करणे, एवढेच त्याचे कार्य होय.

गावी असे विद्यार्थी आल्यास शिक्षक व पंचायत सदस्यांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. स्त्रीची मुलाखत सासरच्या मंडळींसमोर होऊ देऊ नये. तिने सांगितलेली गोष्ट चावडीवर पोहोचली, तर तिचे परिणाम तिलाच त्या घरात भोगावे लागतात. तिला तडजोडीचा आग्रह न करता संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग दाखवावा.