एक गेट, तीन पाट्या

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीत एक मोठं आयटी संकुल आहे. गेल्या दोन दशकांत त्याच्या गेटवरची पाटी दोनदा बदलली. मुळात हे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सचं नॉलेज पार्क. २०११मध्ये आयगेटनं सुमारे १.२ अब्ज डॉलर मोजून पटनी विकत घेतली, तेही स्वतः पटनीपेक्षा लहान असताना. २०१५मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीनं चार अब्ज डॉलरला आयगेटच घेतली. भागधारकांच्या लेखी हा सौद्यांचा इतिहास. नेरुळ, वाशी, कोपरखैरणे, खारघर, नवीन पनवेल इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या लेखी मात्र या तीन पाट्या म्हणजे नोकरीसाठी पारखून घेण्याच्या तीन तऱ्हा. थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटा याच गेटमधून आत गेले असतील, तर तिघांची मुलाखत एकमेकांना ओळखू येणार नाही इतकी वेगळी झालेली असणार.

पटनीचं नाव निघालं की भारतीय आयटीतली बहुधा सर्वांत गाजलेली मुलाखत आठवते. मुंबई आयआयटीतून १९७८मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअर होऊन बाहेर पडलेले नंदन नीलेकणी पटनीत नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांची मुलाखत एन. आर. नारायण मूर्ती यांनी घेतली. पुढे १९८१मध्ये पटनीतूनच बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली, त्यांत हे दोघंही होते. त्या काळी मुलाखत म्हणजे एक टेबल आणि समोरासमोर दोन माणसं. उमेदवाराचं डोकं कसं चालतं, हे विचारणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं. जागा मोजक्या होत्या, अर्जही मोजके होते, म्हणून ते जमत होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते गणित मोडलं. सन २००० येताना संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याच्या कामानं भारतीय कंपन्यांना अमेरिकेचं दार उघडून दिलं आणि माणसं कमी पडू लागली. त्याच सुमारास एमआयडीसीचा ठाणे खाडीपलीकडचा पट्टा कात टाकत होता. रसायनांच्या कारखान्यांशेजारी महापेला मिलेनियम बिझनेस पार्क उभं राहिलं, वाशीच्या स्टेशनवर इन्फोटेक पार्क आलं, कोपरखैरण्याला रिलायन्सची धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी आली, ऐरोलीत माइंडस्पेस आलं. १९९९मध्ये ऐरोलीचा पूल सुरू झाला आणि मुलुंडची मुलं खाडीपलीकडे आली. २००४मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, तेव्हा डोंबिवली-कल्याण-बदलापूरच्या मुलांची सोय झाली. आयटीतल्या भरतीच्या गोष्टीत रेल्वेचं नाव कुणी घेत नाही, पण सकाळी नऊच्या वॉक-इनला वेळेवर पोहोचणं हीच अनेकांची पहिली परीक्षा होती.

२०००च्या दशकातली ऐरोली-महापेची वॉक-इन ज्यांनी अनुभवली, त्यांना ती तपशिलासकट आठवते. इस्त्रीचा फिका निळा शर्ट, उसना टाय, प्लास्टिकच्या फाइलमध्ये दहावीपासूनच्या मार्कशीट, झेरॉक्सचे दोन संच, पासपोर्ट साइजचे सहा फोटो. गेटवर सिक्युरिटी नाव लिहून घेणार, पेनड्राइव्ह काढून ठेवायला लावणार, कॅमेऱ्याच्या मोबाइलवर स्टिकर डकवणार. मग मोठ्या कॅन्टीनमध्ये किंवा ट्रेनिंग रूममध्ये लेखी परीक्षा. दुपारी एचआरची व्यक्ती यादी घेऊन येई आणि नावं वाची. ज्यांचं नाव यादीत नसे, ते फाइल उचलून रस्त्यावर येत, आणि जाता जाता आपलं काय चुकलं याची चर्चा स्टेशनपर्यंत चाले. हा प्रकार निष्ठुर वाटतो. पण त्यात एक गोष्ट चांगली होती: संध्याकाळच्या आत निकाल कळायचा.

तयारीची पुस्तकंही ठरलेली. सी भाषेसाठी यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि त्यासोबत ‘टेस्ट युअर सी स्किल्स’. नागपूरच्या या लेखकानं व्हीजेटीआयमधून इंजिनीअरिंग आणि कानपूर आयआयटीतून एमटेक केलं. पॉइंटर म्हणजे नेमकं काय, हे देशभरातल्या लाखो मुलांना त्यांच्या पुस्तकांनी समजावलं. मराठी माणसानं भारतीय आयटीला काय दिलं, याचा हिशेब मांडताना कानेटकरांचं नाव वरच्या ओळीत यायला हवं. इन्फोसिसच्या लेखी परीक्षेसाठी शकुंतलादेवींच्या कोड्यांची पुस्तकं सोडवा, टीसीएससाठी बॅरन्सची इंग्रजी शब्दांची यादी पाठ करा, हे सल्ले सिनिअरकडून ज्युनिअरकडे जात. तिसरा व्हेरिएबल न वापरता दोन संख्यांची अदलाबदल करा, स्ट्रिंग उलटी करून दाखवा, फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा किती, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

कोड्यांचं वेड तेव्हा जगभर होतं. गटाराची झाकणं गोल का असतात, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे प्रसिद्ध झाला. गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३मध्ये उघडपणे सांगितलं, की अशा कोड्यांतून उमेदवाराबद्दल काहीही कळत नाही, तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. आपल्याकडे तोवर हजारो मुलांच्या नशिबाचा फैसला नावाड्याच्या आणि टोप्यांच्या कोड्यांवर होऊन गेला होता.

त्याहून मोठा अन्याय लेखी परीक्षेच्याही आधी होत होता. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के. लाइव्ह केटी, म्हणजे अजून न सुटलेला विषय, एकही नको. शिक्षणात गॅप नको. बारावीच्या वर्षी घरात आजारपण आलं, वडिलांचा कारखाना बंद पडला, गावातून शहरात येऊन मराठीतून इंग्रजी माध्यमात उडी घेताना पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागली, अशी सगळी मुलं या चाळणीतून खाली पडत. ज्या पट्ट्यात ही संकुलं उभी राहिली, तिथल्याच कारखान्यांतल्या कामगारांची मुलंही त्यांत होती. कोड किती चांगला लिहिता, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. कंपन्यांचा बचाव एवढाच, की अर्ज हजारोंनी येतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते. रेघ मारावी लागते हे खरं. पण सतरा वर्षांच्या मुलाची बारावी ही रेघ मारण्याची योग्य जागा नव्हे.

इंग्रजीचा अडसर वेगळाच. ग्रुप डिस्कशनला आठ-दहा जण गोल बसत. जो आधी आणि मोठ्यानं बोलेल त्याचं पारडं जड. मराठी माध्यमातून आलेली मुलगी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असे. टेक्निकल राउंडला तिचं उत्तर बरोबर येई, एचआरसमोर ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला ती अडखळे. कॉलेजांतल्या टीपीओंनी, म्हणजे ट्रेनिंग आणि प्लेसमेंट सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनी, या काळात मॉक इंटरव्ह्यूचा धडाका लावला. त्याचा फायदा झाला, हे खरं. त्यातून मुलं एकाच छापाची उत्तरं द्यायला शिकली, हेही तितकंच खरं.

२००५मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधून परदेशी बँकेच्या ग्राहकांची फसवणूक झाली आणि उमेदवारांच्या पार्श्वभूमीची पडताळणी हा मोठा विषय झाला. २००६च्या सुरुवातीला आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेनं नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची, शिक्षण आणि जुन्या नोकऱ्या तपासून घ्यायच्या. बनावट अनुभवपत्रं विकणारे तेव्हाही होते, त्यामुळे हे पाऊल गरजेचं होतं.

मग २००८ची मंदी आली आणि आयटीतल्या उमेदवारांना एका नव्या अवस्थेची ओळख झाली: निवड झाली, पण जॉइनिंग नाही. कॅम्पसमध्ये पेढे वाटून झालेले, ऑफर लेटर घरात लॅमिनेट करून ठेवलेलं, आणि कंपनीकडून तारीख येत नाही. अनेकांनी वर्ष काढलं. कुणी क्लासेसमध्ये शिकवलं, कुणी बँकांच्या परीक्षा दिल्या. ही अवस्था पुन्हा येणार होती.

२०१८मध्ये टीसीएसनं नॅशनल क्वालिफायर टेस्ट आणली आणि कंपनीनं कॉलेजात येण्याऐवजी उमेदवारानं परीक्षा केंद्रावर जायचं, अशी रीत पडली. इथे टीसीएसला श्रेय द्यायलाच हवं. कंपनी ज्यांच्या दारात कधी येत नव्हती, अशा कणकवली-महाडकडच्या मुलांना त्या परीक्षेमुळे दार दिसलं.

ऐरोलीच्या गेटवर आता कॅपजेमिनीची पाटी आहे आणि कंपनीची भारतातली संख्या दीड लाखांच्या वर गेली आहे. तिथल्या फ्रेशरच्या भरतीत नवी भर पडली ती खेळांची. स्यूडोकोडचे प्रश्न आणि इंग्रजीची परीक्षा झाली, की उमेदवारासमोर स्क्रीनवर खेळ येतात. एकात चौकटीतला ठिपका कुठे दिसला ते लक्षात ठेवायचं, मध्येच दोन आकृत्या आरशातल्यासारख्या जुळतात का ते सांगायचं, पुन्हा नवा ठिपका, पुन्हा आकृती, आणि शेवटी सगळ्या ठिपक्यांच्या जागा क्रमानं दाखवायच्या. दुसऱ्यात अडथळे सरकवून चेंडू भोकापर्यंत न्यायचा. घड्याळ उलटं धावत असतं. चार वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस शिकलेला मुलगा ठिपके विसरला म्हणून बाद होतो, तेव्हा त्याला आपण कशात नापास झालो हेच समजत नाही. स्मरणशक्ती आणि एकाग्रता मोजण्याचं शास्त्र यामागे आहे, घोकंपट्टी इथे चालत नाही, हेही मान्य. पण बाद झालेल्याला त्याचा गुण आणि कारण कळायला हवं, आणि ते कळत नाही.

मार्च २०२०मध्ये कोविडचा लॉकडाऊन लागला आणि गेटच नाहीसं झालं. टेस्ट घरून, मुलाखत घरून. कोकणातल्या गावी अडकलेल्या मुलांनी रेंज मिळेल त्या टेकाडावर बसून मुलाखती दिल्या. एका खोलीच्या घरात भावंडांना बाहेर बसवून कॅमेरा लावला. पाठोपाठ भरतीचा लोंढा आला. २०२१-२२ या एका वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १,०३,५४६नं वाढली. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २०२२च्या सप्टेंबर तिमाहीत २१.५ टक्क्यांवर गेलं. चार-चार ऑफर हातात असलेले फ्रेशर त्या काळात दिसत. मुलाखती वीस मिनिटांत उरकत.

ओहोटी तितकीच जोरात होती. फेब्रुवारी २०२३मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांवर निवडलेल्या फ्रेशरना साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय दिला. २०२३-२४मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून संख्या ६३ हजारांहून अधिकनं घटली. इन्फोसिसनं २०२२मध्ये निवडलेली मुलं २०२४च्या मध्यापर्यंत तारखेची वाट पाहत होती. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, कंपनीच्या प्रमुखांनी प्रत्येक ऑफर पाळू असं सांगितलं, ऑक्टोबरमध्ये मुलं म्हैसूरला रुजू झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांतल्या तीनशेहून अधिक जणांना अंतर्गत परीक्षेत तीनदा नापास झाल्याच्या कारणावरून बाहेर पडावं लागलं. आणि सुरुवातीचा पगार? दीड दशकापूर्वी तीन लाखांच्या आसपास होता, आज साडेतीनच्या आसपास आहे. ऐरोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता वारं पुन्हा फिरलं आहे. ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्यानंच बोलायचं आणि उमेदवारानं ओठ हलवायचे, असे प्रकार उघडकीला आले. पाठोपाठ उत्तरं गुपचूप पुरवणारी एआयची साधनं आली. गूगलचे सुंदर पिचाई यांनी २०२५मध्ये सांगितलं, की किमान एक फेरी तरी समोरासमोर व्हायला हवी. आपल्या कंपन्याही शेवटच्या फेरीला उमेदवारांना बोलावू लागल्या आहेत. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या दिघा गाव स्टेशनावर आणि ऐरोलीला सकाळी फाइल घेतलेली मुलंमुली पुन्हा उतरताना दिसतात. माणसानं माणसाला पारखावं, हे परत येतंय ते चांगलंच आहे.

या संकुलांतल्या कंपन्यांकडे दोनच मागण्या आहेत. एका दिवसात हजारो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्रणेला नाकारलेल्या मुलाला गुणांसह दोन ओळींचं उत्तर पाठवणं मुळीच जड नाही, ते पाठवा. निवड केली असेल तर रुजू होण्याची तारीख लेखी द्या, आणि ती पाळता येणार नसेल तर तसं वेळेत कळवा. कॉलेजांनी कंपनीला आवारात घेण्याआधी या दोन गोष्टी मागून घ्याव्यात. आणि वाट पाहणाऱ्या मुलामुलींनो, जॉइनिंग लवकर करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका, थेट पोलिसांत जा.