गुलाबाची खतावणी

दिवाळीच्या सुमारास व्यापारी घरांत नव्या वह्यांचे पूजन होते. जुने हिशेब मिटतात, नवे खाते उघडते. महाराष्ट्रात गुलाबाचे नवे वर्षही साधारण याच दिवसांत सुरू होते. पावसाळा सरला, ऊन स्थिरावले की ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी करतात आणि नव्या फुटीसाठी खताची तजवीज करतात. पुढे सुमारे दीड-दोन महिन्यांत फुले येतात. या काळात कुंडीत जे जमा होईल, त्यावरच हिवाळ्यातील बहर अवलंबून असतो.

पुण्यातील एका गूळ-भुसार व्यापाऱ्याच्या घराच्या गच्चीवर असाच एक गुलाब आहे. घरातील आजींच्या यजमानांनी तो आपल्या हातांनी लावला होता. त्यांच्या निधनानंतर दोन हिवाळे गेले, परंतु झाडाला कळी धरली नाही. सूनबाईंनी रोपवाटिकेतून फुलांसाठी उत्तम म्हणून सांगितलेला खताचा पुडा आणला. पुड्यावरील बारीक अक्षरे नातवाने वाचून दाखवली, तेव्हा तो हाडांचा चुरा असल्याचे कळले.

आजी शांतपणे म्हणाल्या, “अगं, फूल आले नाही तरी चालेल, पण हे आपल्या कुंडीत नको.”

पुडा परत गेला. आपल्या हातून चूक झाल्याची रुखरुख सूनबाईंना लागली. तिची भरपाई म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कुंडीत मूठभर युरिया टाकला. आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या आणि कोवळे शेंडे माना टाकू लागले.

असे प्रसंग अनेक घरांत घडतात. त्यांच्या मुळाशी दोन समजुती असतात. हाडांच्या चुऱ्यावाचून गुलाब फुलत नाही, ही पहिली. आणि खत जितके अधिक तितके चांगले, ही दुसरी. दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

हाडांच्या चुऱ्यातून झाडाला मुख्यतः स्फुरद आणि कॅल्शियम मिळते. स्फुरद मुळांच्या वाढीस व फुलोऱ्यास आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु हाडांतील स्फुरद पाण्यात सहज विरघळत नाही. ते मोकळे होण्यास माती आम्लधर्मी असावी लागते. दख्खनची काळी माती बहुधा अल्कधर्मी असते आणि बोअरचे जड पाणी तिचा हा गुण आणखी वाढवते. अशा मातीत चुरा दीर्घकाळ तसाच पडून राहतो. ठेव खात्यावर दिसावी, पण काढता येऊ नये, तशी ही अवस्था. ज्या घरात अहिंसेच्या विचाराने हा चुरा वर्ज्य आहे, तेथील गुलाबाचे त्यामुळे काहीही अडत नाही.

स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट हा चांगला पर्याय आहे. ते खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून तयार करतात. असे खनिज राजस्थानात उदयपूरजवळील झामरकोटडा येथे खाणीतून निघते. या खतात सुमारे 16 टक्के स्फुरद असून गंधक व कॅल्शियमही असते. त्यातील स्फुरद बहुतांशी पाण्यात विरघळणारे असल्याने आपल्या मातीतही मुळांना मिळू शकते. मात्र दळलेले कच्चे रॉक फॉस्फेट घेऊ नये. अल्कधर्मी मातीत त्याची गतही हाडांच्या चुऱ्यासारखीच होते.

आता दुसरी समजूत. युरियात 46 टक्के नत्र असते. मूठभर, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम युरियातून 23 ग्रॅम नत्र एकाच दिवशी कुंडीत उतरते. तितक्याच निंबोळी पेंडीतून जेमतेम अडीच ग्रॅम नत्र मिळते, आणि तेही हळूहळू. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी शोषता येत नाही. माती ओली असूनही झाड तहानलेले राहते आणि पाने करपतात. शिवाय प्रमाणाबाहेर नत्र मिळालेले झाड पानांनी माजते. कळी मात्र धरत नाही. भांडवल सगळे दुकानाच्या सजावटीत घालावे आणि माल भरू नये, त्यातला हा प्रकार.

खत अधिक झाल्यास उपाय साधा आहे. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतावे आणि ते तळाच्या छिद्रांतून पूर्ण वाहून जाऊ द्यावे. दोन दिवसांनी पुन्हा तसेच करावे. नवी फूट दिसेपर्यंत कोणतेही खत देऊ नये.

बारा इंची कुंडीसाठी वर्षाचा क्रम असा ठेवता येतो. छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती मुळांना धक्का न लावता काढावी. तिच्यात दोन ओंजळी चांगले कुजलेले कंपोस्ट, एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम सुपर फॉस्फेट मिसळून ती परत भरावी. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही; म्हणून ते वर भुरभुरण्यापेक्षा मातीत मिसळणे इष्ट. नवी पाने उघडल्यावर दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम या प्रमाणात द्यावे. कळ्या दिसू लागल्या की त्याऐवजी 13:00:45 द्यावे. त्यातील पालाश फुलांचा रंग व दांड्याचा कणखरपणा राखण्यास मदत करते. खत देण्यापूर्वी माती ओली असावी. नव्याने लावलेल्या, आजारी वा कडक उन्हाने सुकलेल्या झाडास खत देऊ नये.

झाडाची तक्रार पानांवर वाचता येते. जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्राची उणीव समजावी. जुन्या पानांच्या कडा जळाल्या तर पालाश कमी असण्याचा संभव असतो. परंतु क्षार वाढल्यानेही कडा करपतात, म्हणून आधी मातीवर पांढरा थर आला आहे का, ते पाहावे. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या, तर लोह मिळत नाही, असे मानावे. अशा वेळी चिलेटेड लोहाची सौम्य फवारणी उपयोगी पडते.

घरगुती उपायांतही तारतम्य हवे. चहाचा चोथा साखर-दूध पूर्ण धुऊन निघाल्यावर, वाळवूनच घालावा. पेंड पाण्यात अनेक दिवस कुजवल्यास दुर्गंधी सुटते आणि अळ्याही पडतात. जीवोत्पत्ती टाळू पाहणाऱ्या घरांनी ती कोरडीच, थोडी थोडी मातीत मिसळावी.

त्या गच्चीवरील गुलाबाला सूनबाईंनी दोनदा पाणी पाजून क्षार धुतले, करपलेल्या काड्या छाटल्या आणि महिनाभर खताला हात लावला नाही. लालसर फूट दिसल्यावर वरील क्रम सुरू झाला. मात्रा चमच्याने मोजायची आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, हे काम नातवाकडे आले. जानेवारीच्या अखेरीस झाडावर तीन कळ्या धरल्या.

पहिले फूल उमलले, तेव्हा सूनबाईंनी आजींना हात धरून गच्चीवर नेले. नातवाने ते तोडून आजोबांच्या तसबिरीपुढे ठेवण्याविषयी विचारले. आजींनी मान हलवली. “राहू दे रे झाडावरच. त्यांनी लावले ते इथेच. तसबीर खाली आहे, पण झाड इथे आहे.”

कॅलेंडरवर त्या तारखेपुढे नातवाने एवढेच लिहिले: एक फूल, जमा.