पावलीची नखी आणि व्हॉक्सचा ध्वनी

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदातील ब्रायन मे यांचा गिटारध्वनी गोंदियातील आमच्या माडीवर उतरवण्याची तजवीज मी गेले वर्षभर करीत आहे, आणि त्याचे रहस्य अँपच्या बटणांत फारसे नाही, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

मे यांचा व्हॉक्स एसी-३० हा ३० वॅटचा, ईएल-८४ जातीच्या चार व्हॉल्व्हांचा अँप. त्याची ‘नॉर्मल’ वाहिनी निवडून व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवावा, गिटार आणि अँप यांच्यामध्ये ट्रेबल बूस्टर जोडावा आणि स्वच्छ सूर हवा असेल तेव्हा अँपला हात न लावता गिटारवरचाच व्हॉल्यूम उतरवावा, एवढाच काय तो कारभार. कारण बूस्टर खर्जाला आवरून वरच्या स्वरांना जोर देतो, त्यामुळे व्हॉल्व्ह अतिभाराने गुरगुरू लागले तरी ध्वनी गढूळ होत नाही. (शेजारधर्मास्तव माझा अँप लहान आहे, राइस मिलची घरघर सोसणारे शेजारीही याबाबतीत उदार नाहीत.)

नखीऐवजी मे सहा पेन्सचे दातेरी नाणे वापरतात. २०११ साली चलनातून बाद झालेली पंचवीस पैशांची पावली मी तारेवर तिरकी धरली, तेव्हा प्रत्येक सुराच्या आरंभी, वाळल्या तणसावर पाऊल पडावे तशी, बारीक खरखर उमटली.

वडिलांच्या साहाय्याने १९६३ पासून घडवलेल्या आपल्या गिटारीचा दांडा मे यांनी शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडातून काढला; आमच्या घरचा सागवानी उंबरा मात्र मला देण्यास मातोश्रींनी साफ नकार दिला आहे.