गाडी वर, गोळा जागेवर

सुझुकी जिम्नीला दोन इंचांचं लिफ्ट किट बसवलं. आता सांगा, दगडावर सर्वांत आधी आपटणारा भाग किती वर गेला? शून्य!

जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल असतो आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या भरवशावर असतो. स्प्रिंगा ॲक्सलच्या वर, त्यामुळे उचलली जाते ती बॉडी. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत. कंपनीचे 195/80 आर15 टायर साधारण 693 मिलिमीटर उंच; 235/75 आर15 घातले तर 733. वाढले चाळीस, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर, म्हणून गोळ्याच्या वाट्याला वीसच! मग लिफ्ट कशाला? तर हे टायर मडगार्डला घासू नयेत, चढाच्या तोंडाशी बंपर आणि उंचवट्यावर गाडीचं पोट टेकू नये म्हणून.

सर्वांत स्वस्त उपाय स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाशी बसणारी जाड चकती. गंमत अशी, की स्प्रिंगला तिचा पत्ताही लागत नाही. वजन तेवढंच, म्हणून स्प्रिंग दबतेही तेवढीच; रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियम. गाडी पूर्वीइतकीच मऊ चालते. फसतो तो जुना शॉकअप. उभ्या गाडीतच तो ताणलेला, मग खड्ड्यात चाक खाली सोडायच्या वेळी त्याची लांबी आधीच संपते. चाक अधांतरी, पकड गायब.

मग जाड तारेच्या स्प्रिंगा? जरा जपून! कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त 10 टक्के जाड केली, तर स्प्रिंग 46 टक्के कडक! पुढे विंच, वर कॅरिअर असेल तर ठीक. एरवी मणक्यांचे हाल.

जुन्या जिप्सीचं गणित आणखी निराळं. तिथे गुंडाळीच्या स्प्रिंगांऐवजी पाटे. पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, दोन इंचांनी लांब केलं तरी गाडी उचलली जाते जेमतेम एक इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक हलत नाही आणि ॲक्सल असतो मध्यावर.

मला मात्र खरा चक्रावून टाकतो तो एक छोटा कोन. पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात, तो वरच्या बाजूने किंचित मागे कललेला असतो. त्यामुळे विमानतळावरच्या ट्रॉलीच्या चाकांसारखी ती आपोआप सरळ होऊ पाहतात. जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन लांब दांड्यांनी चासीला जोडलेला. बॉडी उचलली की दांड्यांची मागची टोकं वर जातात, ॲक्सल पुढे झुकतो, कल घटतो. हायवेवर स्टिअरिंग भरकटायला लागतं.

त्यावरचा इलाज मुठीत मावतो: भोक मध्यावर न पाडता थोडं सरकवून पाडलेला बुश. तो दांडीत बसवला की ॲक्सल पुन्हा मागे कलतो. बजेट तुटपुंजं असेल तर मी एक इंचाचा स्पेसर आणि जरासे मोठे टायर यांवरच थांबेन. दोन इंच हवेच असतील, तर लांब शॉकअप आणि हे बुश किमतीत धरलेत का, ते दुकानदाराला आधी विचारा.