फिकट तांबड्या घागऱ्यावरची पत्रे

दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात रद्दी गोळा करणाऱ्या एका वृद्धेच्या हातगाडीवर काही जुन्या वह्या सापडल्या. ही गोष्ट चालू शतकाच्या आरंभीची. 2006 साली दूरदर्शनवरच्या जुन्या वस्तूंच्या एका कार्यक्रमात त्या तज्ज्ञांसमोर आल्या, तेव्हा त्यांची ओळख पटली. पुढे 2015 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लोकसंग्रहालयाने त्या लिलावात 75 कोटी वॉनला घेतल्या. या वह्यांची काही पाने कागदाची नाहीत, रेशमी कापडाची आहेत. एका स्त्रीच्या लग्नातल्या तांबड्या घागऱ्याचे ते कापड, विटून फिकट झालेले. त्यावर तिच्या नवऱ्याने 1810 साली आपल्या दोन मुलांसाठी उपदेशाचे चार शब्द लिहिले आणि वह्यांना नाव दिले ‘हापीचॉप’, म्हणजे घागऱ्याची वही. लिहिणारा होता जॉंग याक-योंग, कोरियाला ‘दासान’ या टोपणनावाने ठाऊक असलेला राजाधिकारी आणि पंडित. तेव्हा त्याच्या हद्दपारीचे नववे वर्ष सरत आले होते.

दासानची महती सांगणारे ग्रंथ कोरियात पुष्कळ आहेत. इथे त्याच्याकडे एका घराण्याचा माणूस म्हणून पाहायचे आहे. राजसत्तेने एक घराणे मोडले, तेव्हा त्यातला प्रत्येक जण वेगळ्या वाटेने गेला. त्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, तरच दासान नीट कळतो.

माजेचे जॉंग

दासानचा जन्म 1762 चा, राजधानी सोलच्या पूर्वेला हान नदीकाठच्या माजे या गावचा. घराणे ‘यांगबान’, म्हणजे विद्या आणि सरकारी पदे यांवर हक्क सांगणाऱ्या उच्चकुलीन वर्गातले. वडील जॉंग जे-वॉन सरकारी अधिकारी होते. आई हेनामच्या युन घराण्यातली. स्वतःच्याच चेहऱ्याचे भेदक चित्र काढणारा प्रसिद्ध चित्रकार युन दू-सॉ हा तिचा आजोबा. कोरियन रिवाजाप्रमाणे एका पिढीतल्या भावांच्या नावात एक अक्षर समान असे. इथे ते होते ‘याक’. थोरला सावत्र भाऊ याक-ह्यॉन, मग याक-जॉन, याक-जोंग आणि याक-योंग. नावे सारखी वाटतात, पण नशिबे फार निराळी निघाली.

याक-योंगचे लग्न 1776 मध्ये हाँग घराण्यातल्या मुलीशी झाले. त्याच वर्षी जॉंगजो हा विद्याप्रेमी राजा गादीवर आला. 1789 मध्ये याक-योंग राजसेवेची मोठी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि राजाच्या मर्जीतला झाला. राजा वडिलांच्या समाधीच्या दर्शनाला जाई, तेव्हा हान नदीवर होड्या जोडून पूल बांधत. त्या पुलाच्या आखणीत त्याचा हात होता. सुवॉनला ह्वासॉंगचा तट बांधायचा ठरल्यावर आराखड्याचे काम राजाने त्याच्यावर सोपवले आणि पाश्चात्त्य यंत्रांची माहिती देणारे एक चिनी पुस्तकही त्याच्याकडे पाठवले. ते अभ्यासून त्याने अवजड दगड उचलायला कप्प्यांचे यंत्र योजले. 1794 मध्ये सुरू झालेला तट 1796 मध्ये उभा राहिला. ज्या शहराचा तट त्याने आखला, त्याच शहरात त्याच्या बायकोचा घागरा दोनशे वर्षांनी रद्दीत सापडला.

नावेतले बोलणे

1784 मध्ये थोरल्या वहिनीचे श्राद्ध आटोपून भाऊ हान नदीतून नावेने परतत होते. वहिनीचा भाऊ यी ब्यॉक बरोबर होता. त्याने नावेत एका नव्या धर्माविषयी सांगितले. चीनमधल्या जेझुइटांच्या ग्रंथांतून तो कोरियात आला होता. त्याच वर्षी त्यांच्या बहिणीचा नवरा यी सुंग-हून बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला. कोरियात मिशनरी पाऊल टाकण्याआधी कॅथलिक धर्म असा पुस्तकांतून आणि सोयऱ्यांच्या गप्पांतून पोचला. श्राद्धाहून परतणाऱ्या त्या नावेतल्या कोणालाही हे ठाऊक नव्हते, की पुढचा सगळा घोळ श्राद्धावरूनच होणार आहे.

रोमने पूर्वजपूजेला मनाई केली होती. 1791 मध्ये मामेभाऊ युन जी-चुंग याने आईच्या मृत्यूनंतर तिची पूजा केली नाही आणि पूर्वजांच्या नामपट्टिका जाळल्या. जोसॉन राज्यात हा केवळ धर्मभेद नव्हता. आईबापांना न मानणारा राजालाही मानणार नाही, असा त्याचा अर्थ लावला जाई. जी-चुंगचा शिरच्छेद झाला. याक-जॉन आणि याक-योंग नव्या धर्मापासून दूर झाले. याक-योंगने तर 1797 मध्ये राजाला लेखी निवेदन देऊन आपला जुना ओढा कबूल केला आणि तो सोडल्याचेही सांगितले. याक-जोंगची श्रद्धा मात्र वाढतच गेली. त्याने सामान्य माणसाला वाचता यावे म्हणून कोरियन लिपीत धर्मतत्त्वांचे पुस्तक लिहिले. कोरियन भाषेतले त्या प्रकारचे ते पहिले.

1801

1800 मध्ये जॉंगजो वारला. गादीवर बाल राजा आला आणि कारभार राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या राणीकडे गेला. जॉंग घराणे ‘दक्षिणी’ गटातले. विरोधी गटाला कॅथलिकांवरची बंदी हे आयतेच हत्यार मिळाले. 1801 च्या आरंभी याक-जोंगची धर्मग्रंथांनी आणि पत्रांनी भरलेली पेटी पकडली गेली आणि धरपकड सुरू झाली.

याच पेटीने दोघा भावांचे प्राण वाचवले. आपल्याबरोबर भाऊ या मार्गावर नाहीत, ही याक-जोंगची खंत त्या कागदांत उतरली होती. तोच त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरला. याक-जोंग आणि त्याचा मुलगा चॉल-सांग यांचा शिरच्छेद झाला. यी सुंग-हूनही मारला गेला. वर्षाअखेर थोरल्या भावाचा जावई ह्वांग सा-यॉंग पकडला गेला. बीजिंगच्या बिशपसाठी त्याने रेशमावर लिहिलेले, परकी फौज बोलावण्याची सूचना करणारे पत्र हाती लागले होते. त्याला देहान्त झाला आणि त्याची बायको, म्हणजे जॉंगांची लेक, जेजू बेटावर दासी म्हणून धाडली गेली.

चौकशीत याक-योंगने धर्म नाकारला, एवढ्यावर ते थांबले नाही. धर्म न सोडणाऱ्या आप्तांविरुद्धही तो बोलला. त्याच्या थोरवीचे पोवाडे गाणाऱ्यांना हा भाग अडचणीचा वाटतो. पुढे त्याने याक-जॉनचे आणि त्या वर्षी बळी गेलेल्या काही स्नेह्यांचे मृत्युलेख लिहिले. याक-जोंगचा लिहिला नाही. लेखणी कधी खाली न ठेवणाऱ्या माणसाचे हे मौन त्याच्या ग्रंथांइतकेच बोलके आहे.

बुडीत घराण्याची विद्या

हद्दपारीच्या वाटेवर नाजूजवळच्या एका पथिकाश्रमात याक-जॉन आणि याक-योंग यांनी निरोप घेतला. ते पुन्हा भेटले नाहीत. याक-जॉन दूरच्या हूकसान बेटावर गेला. तिथल्या कोळ्यांत बसून, त्यांच्याकडून ऐकून त्याने 1814 मध्ये दोनशेहून अधिक जलचरांची नोंद करणारा ‘जासान ऑबो’ हा ग्रंथ सिद्ध केला. भाऊ सुटणार असे कळताच, त्याला समुद्रात फार आत यावे लागू नये म्हणून तो किनाऱ्याजवळच्या बेटावर येऊन राहिला. सुटका लांबली. 1816 मध्ये तो तिथेच वारला.

याक-योंग दक्षिण किनाऱ्यावरच्या कांगजिनला पोचला, तेव्हा राजद्रोह्याला कोणी दार उघडेना. शेवटी खानावळ चालवणाऱ्या एका म्हातारीने खोली दिली. चार वर्षे तो तिथे राहिला. 1808 पासून चहाच्या झुडपांच्या डोंगरावरच्या झोपडीत त्याने मुक्काम हलवला. ‘दासान’ म्हणजे चहाचा डोंगर. एके काळी राजाचा गुप्त निरीक्षक म्हणून गावे पाहिलेल्या या माणसाने आता तीच गावे खालून पाहिली. मेलेल्या बापाच्या आणि तान्ह्या मुलाच्या नावावर लष्करी कर चढवला जाई. त्या जाचाने एका शेतकऱ्याने स्वतःचेच पुरुषत्व कापून टाकले, यावर त्याने 1803 मध्ये कविता लिहिली. हाच अनुभव ‘मोंगमिन सिमसॉ’ या, जिल्हाधिकाऱ्याने कसे वागावे ते सांगणाऱ्या त्याच्या ग्रंथात आहे. ‘सिमसॉ’ म्हणजे मनाचे पुस्तक. ते अमलात आणण्याचा अधिकार आपल्याला नाही, केवळ मन आहे, म्हणून हे नाव.

मुले हाक-यॉन आणि हाक-यू यांना राजसेवेची वाट बंद झाली होती. बाप त्यांना लिहितो, की आपले घराणे आता बुडीत आहे आणि बुडीत घराण्याला वाचनावाचून तरणोपाय नाही. परीक्षेची चिंता उरली नाही, तर खरी विद्या आता करता येईल. कांगजिनहून त्याने मुलांसाठी शेतजमीन ठेवली नाही, दोन अक्षरे ठेवली: उद्योग आणि काटकसर. धाकट्याने कोंबड्या पाळल्याचे कळले, तेव्हा तो रागावला नाही. पाळायच्याच तर ग्रंथ वाचून, रंग आणि जाती पारखून पाळ, आणि कोंबड्यांवरचे एक शास्त्र लिही, असे त्याने कळवले. हा हाक-यू पुढे शेतकऱ्याच्या बारा महिन्यांच्या कामांवरच्या प्रसिद्ध दीर्घगीताचा कर्ता म्हणून ओळखला गेला.

घागरा

हे घर चालवले ते माजेत राहिलेल्या हाँगबाईंनी. नऊ अपत्यांपैकी सहा लहानपणीच गेली होती. त्यातले शेवटचे गेले तेव्हा नवरा हद्दपारीत होता. आजारी हाँगबाईंनी कांगजिनला आपल्या लग्नाचा घागरा धाडला. त्यातून मुलांच्या वह्या झाल्या, आणि 1813 मध्ये उरलेल्या एका तुकड्यावर बापाने मोहोरलेल्या फांदीवर बसलेली दोन पाखरे रंगवून नुकतीच सासरी गेलेल्या लेकीला पाठवली. ते चित्र आज सोलच्या कोरिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

याक-जोंगच्या घराची कथा वेगळ्या वाटेने पुढे गेली. 1801 मध्ये वाचलेला त्याचा धाकटा मुलगा हा-सांग राजदूतांच्या तांड्यात नोकर बनून वारंवार बीजिंगला जात राहिला. पाद्री पाठवा म्हणून त्याने रोमकडे साकडे घातले. 1839 मध्ये त्याचाही शिरच्छेद झाला. तो, त्याची आई आणि बहीण यांना 1984 मध्ये पोपने सोलमध्ये संतपद दिले. 2014 मध्ये याक-जोंग आणि चॉल-सांग यांना धन्य घोषित केले गेले. त्याआधी 2012 मध्ये युनेस्कोने दासानच्या जन्माचे अडीचशेवे वर्ष साजरे केले होते. ज्या घराण्याला राजाने राजद्रोही ठरवले, त्याला एकीकडून चर्चने आणि दुसरीकडून जगाने गौरवले. दोन भावांचा वाद मात्र मिटलेला नाही. दासान मरणापूर्वी पुन्हा धर्माकडे वळला, असे कॅथलिक इतिहासकार म्हणतात आणि इतर अभ्यासक ते मानत नाहीत.

1818 मध्ये दासान माजेला परतला. अठरा वर्षे लोटली होती. पुढची तितकीच वर्षे त्याने ग्रंथांवर हात फिरवण्यात आणि हाँगबाईंच्या सोबतीत काढली. 1836 च्या वसंतात त्यांच्या लग्नाला साठ वर्षे होणार होती. त्या प्रसंगासाठी त्याने कविता लिहून ठेवली. सोहळ्यासाठी आप्त जमले आणि त्याच दिवशी सकाळी तो गेला. दोन वर्षांनी हाँगबाईही गेल्या. घरामागच्या टेकडीवर दोघांची समाधी एकच आहे.