सेल कोणता घ्यावा?

बंगळूरच्या एस. पी. रोडवर विद्युत् उपकरणांची व सुट्या भागांची लहानमोठी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तेथे, किंवा कोणत्याही गावातील किराणा दुकानात, गिऱ्हाईक येऊन विचारते, ‘‘चांगला सेल कोणता?’’ आणि दुकानदार एखाद्या छापाचे नाव सांगून मोकळा होतो. वस्तुतः हा प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. सेल कशात घालावयाचा आहे हे कळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. आणि ते कळल्यावर छापाच्या नावाला वाटते तितके महत्त्व उरत नाही.

सेल म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील निर्द्रव विद्युत् घट. त्याचा मूळपुरुष जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच संशोधकाने १८६६ साली तयार केलेला घट होय. तो काचेच्या बरणीत, नवसागराच्या पाण्यात उभा असे. पुढे कार्ल गासनर या जर्मन गृहस्थाने पाण्याऐवजी लगदा वापरून तो जस्ताच्या डबीत बंद केला आणि घट खिशात घालून नेण्याजोगा झाला. आज बाजारात मिळणारा स्वस्त सेल याच कुळातला आहे. बाहेरची जस्ताची डबी हे त्याचे ऋणाग्र. मध्ये कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगॅनीज डायऑक्साइड व कार्बनची काळी पूड. दोहोंच्या मध्ये नवसागर अथवा झिंक क्लोराइड यांनी भिजलेला थर. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळत जातात. ते इलेक्ट्रॉन दिव्यातून किंवा यंत्रातून फिरून कांडीमार्गे आत येतात व मँगॅनीज डायऑक्साइड ते स्वीकारते. म्हणजे भांडे आणि इंधन दोन्ही एकच! इंधन संपत आले की भांड्यालाच भोके पडतात. घड्याळात विसरलेला सेल पाझरून तारा गंजतात त्याचे मुख्य कारण हेच.

दुसरा प्रकार अल्कली घटाचा. लुइस अरी या कॅनेडियन रसायनतज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात त्याला व्यवहारोपयोगी रूप दिले. यात जस्त डबीच्या रूपात नसून पुडीच्या रूपात मध्यभागी असते. पूड केल्याने त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो व एकाच वेळी पुष्कळ जस्त कामाला लागते. नवसागराच्या जागी दाहक पोटॅश असते. बाहेरचे पोलादी कवच जस्तासारखे खर्ची पडत नाही.

दोहोंचा दाब दीड व्होल्टच असतो, आकारही एकच. मग फरक कोठे पडतो? तो पडतो प्रवाह मागताना. प्रत्येक घटाच्या अंगी काही अंतर्गत रोध असतो. साध्या घटात तो अधिक असल्याने मोठा प्रवाह ओढला की दाब झपाट्याने खाली येतो आणि आतील द्रव्ये जागच्या जागी शिल्लक असूनही घट संपल्यासारखा वाटतो. विझू लागलेली विजेरी तासभर बंद ठेवल्यास पुन्हा थोडी उजळते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्या विश्रांतीत आतील द्रव्ये संथपणे पसरून पूर्ववत् जागा घेतात. खेड्यांतून सेल उन्हात ठेवण्याची चाल आहे तिचाही उलगडा येथे होतो. उष्णतेने हे प्रसरण व रासायनिक क्रिया घटकाभर वेगाने चालतात. नवी शक्ती मात्र कणभरही भरली जात नाही, उलट लगदा सुकतो व डबी फुटण्याची भीती वाढते.

आता हिशेब पाहू. भिंतीवरील क्वार्ट्झ घड्याळाला सरासरी एक दशांश मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षाला सुमारे ८७६ मिलिअँपिअर-तास. पेन्सिल आकाराचा साधा घट मंद वापरात जवळपास तेवढी विद्युत् देतो. तेव्हा घड्याळात व दूरदर्शनच्या रिमोटमध्ये स्वस्त घट पुरेसा होय. याउलट मुलांच्या मोटारीतील चक्रे फिरविण्यास अर्धा ते एक अँपिअर लागू शकतो. तेथे साधा घट आपल्या साठ्याचा अल्प भागच देऊन थकतो. तिप्पट किमतीचा अल्कली घट तेथे पाचपट टिकला तर महाग कोण ठरला? घड्याळात मात्र तोच अल्कली घट तिप्पट किंमत घेऊन दोन-तीन पटच टिकेल आणि काही लाभ पदरात पडणार नाही.

हा भेद वेष्टनावर छापलेला असतो, पण तो वाचण्याची सवय कोणाला नसते. पेन्सिल सेलवर ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बनी. ‘एलआर ६’ असेल तर अल्कली. ‘एचआर ६’ म्हणजे पुनःपुन्हा भारित करता येणारा निकेल घट. ‘एफआर ६’ म्हणजे लिथियमचा. मोठ्या विजेरीच्या सेलसाठी सहाच्या जागी वीस हा अंक असतो. एव्हरेडी किंवा पॅनासॉनिक या एकेका नावाखाली जस्त-कार्बनी व अल्कली असे दोन्ही घट विकले जातात. नुसते नाव घेऊन ग्राहकाला यांपैकी काय मिळेल हे सांगता येणार नाही. जाहिरातीत ‘कितीतरी पट अधिक टिकणारा’ असे आढळले तर तुलना कोणत्या प्रकाराशी केली आहे तेवढे पाहावे. पुष्कळदा ती साध्या घटाशी असते, आणि मग ती छापाची नव्हे, रसायनाची थोरवी होय.

एकाच प्रकारच्या दोन छापांत निवड करावयाची असेल तर शाळेतही करता येईल अशी परीक्षा आहे. दोन सारख्या विजेऱ्या घेऊन एकीत एका छापाचे व दुसरीत दुसऱ्याचे नवे घट घालावेत. रोज ठराविक वेळ त्या लावाव्यात व प्रकाश ठराविक अंतरावरील अक्षरे वाचण्यास अपुरा पडेपर्यंतचे एकूण तास लिहून ठेवावेत. अधिकृत प्रयोगशाळांच्या चाचण्यांतही घटाला अशीच मधून मधून विश्रांती दिली जाते. किमतीला तासांनी भागले की निर्णय समोर येतो. एका जोडीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. खरेदीच्या वेळी मुदतीची तारीख व भारतीय मानकाची मुद्रा पाहावी. दुकानात वर्षभर पडून राहिलेला नामांकित घट कालच्या सामान्य घटाहून हीन ठरू शकतो.

बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे ५ ऑगस्ट १९०५ रोजी लागले. तरीही वीज जाते तेव्हा विजेरीच कामी येते. अशा क्वचित वापराच्या विजेरीत अल्कली घट ठेवावा. जुन्या धर्तीचे पुनर्भारणक्षम घट पडून पडून आपोआप रिकामे होतात. ते रोज खेळल्या जाणाऱ्या खेळण्यात शोभतात. तेथे शेकडो वेळा भारित होऊन ते आपली किंमत फेडतात. जेथे चुकून चालत नाही तेथे किंमत गौण ठरते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व हैदराबादला बनणारी मतदान यंत्रे घटसंचावर चालतात. म्हणून २००४ साली लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत ती वापरता आली आणि वीज नसलेल्या गावीही मतदान अडले नाही. घरातील रक्तदाबमापकालाही हाच न्याय लावावा.

नवा व जुना घट एकत्र घालू नये. मालिकेत जोडल्यावर सशक्त घट अशक्त घटातून बळेच प्रवाह रेटतो. त्याचे अग्र उलटे होऊन आत वायू साठतो व तो पाझरतो. अल्कली घटातून आलेली पांढरी बुकटी हाताने पुसू नये. हातमोजे घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजविलेल्या बोळ्याने ती काढावी.

नाण्यासारख्या चपट्या लिथियम घटाविषयी अधिक सावध राहावे लागते. लहान मुलाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून प्रवाह वाहून दोन तासांत तेथे खोल भाजू शकते. अशा वेळी घरगुती उपचारात वेळ न दवडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. वापरलेले नाणेघट दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. २०२२ च्या नियमांनुसार टाकाऊ घट परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; ते ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, वेगळ्या डब्यात साठवून संकलन केंद्रावर द्यावेत.